अण्णांच्या भिंतीवरची विमानं

"हलू नका! मास्तर, मान सरळ. वैनी, हनुवटी वर. आता मी येस्तवर कुनी बी हलू नका!"

एवढं ओरडून काळ्या फडक्याखालचा माणूस फडक्यासकट, कॅमेऱ्यासकट आणि कॅमेऱ्याच्या तिपाईसकट दाराबाहेर पळाला. मिरजगावच्या त्या स्टुडिओत, रंगवलेल्या तळ्याच्या पडद्यासमोर, मी आणि माझी नवी बायको ताठ बसून राहिलो. मी नगरहून हायस्कुलात नुकताच आलेला भूगोलाचा मास्तर. गावात पहिलीच छाप पाडायची होती, म्हणून पापणीही हलवली नाही. माझ्या नाकावर एक माशी बसली. तिनं तिथं संसार थाटला, पोरंबाळं मोठी केली, तरी मी हललो नाही. बायकोनं ओठ न हलवता विचारलं, श्वास घेतला तर चालेल का. मीही ओठ न हलवता सांगितलं, थोडा घे.

शेवटी मान आखडली तेव्हा बाहेर जाऊन पाहिलं. हा गृहस्थ भर रस्त्यात तिपाई रोवून, कॅमेऱ्याचं तोंड आभाळाकडे करून फडक्यात शिरलेला. मागं दोन बैलगाड्या आणि एक एस.टी. खोळंबलेली. एस.टी.चा ड्रायव्हर खाली उतरून वर बघत होता, बैलही बघत होते असं मी आजवर सांगत आलोय. आभाळात काहीच नव्हतं.

"गेलं," फडक्यातून बाहेर येत अण्णा म्हणाले. "भिंग लावंस्तवर सोलापूर गाठलं आसंल त्यानं." मग मला आपादमस्तक न्याहाळून त्यांनी विचारलं, "मास्तर, तुमी शिकल्यालं. आवाजावरनं कंचं वाटलं?"

विमानाशी माझा संबंध तोवर एकदाच आला होता. नगरला एका जत्रेत फोटोवाल्यानं प्लायवुडचं विमान कापून उभं केलं होतं, त्याच्या मागं स्टुलावर चढून भोकातून डोकं काढायचं. तेवढाच माझा विमानप्रवास. पण नव्या बायकोसमोर, एस.टी.च्या ड्रायव्हरसमोर आणि बैलांसमोर 'माहीत नाही' म्हणणं जिवावर आलं. कुठंतरी वाचलेलं एकच नाव आठवलं. "डाकोटा," मी म्हणालो. अण्णांनी माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि मी मिरजगावचा विमानतज्ज्ञ झालो. आमचा जोडफोटो त्यांनी नंतर काढला. तो बघून पाहुणे अजूनही दबक्या आवाजात विचारतात, त्या दिवशी घरात कुणी गेलं होतं का.

सोपानराव गवारे हे त्यांचं पूर्ण नाव, पण ते फक्त मतदारयादीला माहीत. सगळ्यांचे ते फोटोवाले अण्णा. उन्हानं रापलेला चेहरा, धोतर, आणि धोतरावर काळा कोट. तो कोट खरं म्हणजे स्टुडिओचा होता. गिऱ्हाईक आलं की अण्णा तो काढून त्याला चढवत आणि फोटो होईपर्यंत स्वतः बंडीवर राहत. कर्जत तालुक्यातल्या निम्म्या पुरुषांचे त्या काळातले फोटो एकाच कोटातले आहेत. नवरदेवाला तो ढगळ होई आणि पाटलाला तंग. अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. साऱ्या मुलखाचे फोटो काढणाऱ्या या माणसाचा स्वतःचा एकही फोटो नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

धंद्यात त्यांचा एक नियम होता. फोटोत माणूस पुरता आला पाहिजे, दोन्ही कान आणि दोन्ही पाय धरून. गिऱ्हाईकही फोटो हातात घेतल्यावर आधी पाय बघायचं, मग तोंड. अण्णा म्हणत, "पाय कापल्याला फोटू म्हंजी मानूस आर्ध्यातनं उपाटल्यागत दिसतो. द्येवानं दिल्यालं पाय कापनारा मी कोन?" एकदा एक भलंमोठं खटलं फोटोला आलं. सगळ्यांचे पाय मावेनात म्हणून अण्णा कॅमेरा घेऊन मागं सरकत सरकत रस्ता ओलांडून समोरच्या शांतारामच्या हॉटेलात शिरले आणि तिपाईचा एक पाय भज्यांच्या परातीत रोवून त्यांनी फोटो काढला. सगळे पाय आले. शांतारामनं भजी धुऊन विकली म्हणतात, पण ते मी पाहिलेलं नाही. खाल्ली मात्र आहेत.

एकाहत्तरच्या लढाईचा हिवाळा आला आणि पुण्याकडून येणारी विमानं आमच्या डोक्यावरून वारंवार जायला लागली. पुढं पावसानं तोंड फिरवलं. सगळं गाव ढगासाठी वर बघायचं, अण्णा विमानासाठी. आभाळ असं निर्मळ कधी मिळणार, म्हणून ते खूश होत आणि मग आपण खूश झालो म्हणून चारचौघांत ओशाळत. स्टुडिओची एक अख्खी भिंत त्यांनी विमानांच्या फोटोंनी भरून काढली. काचेच्या चौकटी, चौकटीत पांढरं आभाळ, आणि आभाळात कुठंतरी एक काळा ठिपका. ठिपक्याखाली नाव, ते माझ्या वळणदार अक्षरात.

नावं देण्याची माझी एक शास्त्रीय पद्धत होती. नुसत्या डाकोटावर भिंत भरेना, तेव्हा वर्तमानपत्रांतून मी कॅनबेरा, हंटर आणि नॅट मिळवले. सोमवारी दिसलं ते कॅनबेरा, बाजारच्या दिवशी हंटर, उपास असेल त्या दिवशी नॅट, कारण ते लहान असतं असं मी वाचलं होतं. एका हंटरनं फोटो काढताना पंख हलवले होते आणि नंतर ते शाळेमागच्या लिंबावर जाऊन बसलं. तेही मी अण्णांना पटवलं. बाजारला आलेली माणसं भिंतीसमोर टोप्या काढून उभी राहायची. अण्णा काठीनं ठिपके दाखवायचे, "ह्ये आमच्या मास्तरांनी वळखल्यालं." तेव्हा माझी छाती अशी फुगायची की मला स्टुडिओचा कोट तंग झाला असता.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण शांतारामला भज्यांचं दुःख होतं. एका बाजारच्या दिवशी, भरल्या दुकानात त्यानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं की या चौकटीत विमान एकही नाही, हे माश्यांनी केलेलं आहे आणि अशी चित्रं त्याच्या हॉटेलात आरशावर फुकट बघायला मिळतात. लोक हसले. अण्णा हसले नाहीत. भिंत त्यांनी रोज सकाळी देवांच्या तसबिरीच्याही आधी पुसलेली होती.

"पुढल्या बाजाराला इमानाचा फोटू आनतो," ते म्हणाले. "चाकं दिसतील आसा. न्हाई आनला तर ह्या चौकटी माझ्या हातानं उतरवीन."

भिंत उतरली तर माझंही मास्तरपण निम्मं उतरणार होतं. पण अण्णांनी एस.टी.च्या कंडक्टरकडून आधीच माहिती काढली होती. पुण्याला, विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, सेवेतून निवृत्त झालेलं एक विमान लोकांना बघण्यासाठी आवारात ठेवलेलं आहे, आणि त्याचा फोटो काढायला मनाई नाही. आम्ही पहिल्या गाडीनं निघालो. तिपाई अण्णांनी मांडीवर घेतली होती. कंडक्टरनं तिला अर्धं तिकीट लावू का म्हणून विचारलं, त्यावर अण्णा पुरतं लावा म्हणाले.

आवारात शिरल्यावर अण्णा थबकले. ते समोर उभं होतं. आयुष्यभर ज्याला त्यांनी मोहरीएवढं पाहिलं, ते आता आमच्या हायस्कुलाएवढं होऊन नाक वर करून उभं होतं. अण्णा त्याच्याभोवती एक फेरी मारून आले, चाकाला हात लावला, तो हात कपाळाला लावला. मागं पाहणाऱ्यांची थोडी गर्दी होती आणि एक म्हातारा पहारेकरी. श्रोते दिसले की मला राहवत नाही. मी घसा साफ करून जाहीर केलं, "हे हंटर. लढाऊ विमान."

पहारेकऱ्यानं बाजूच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर लिहिलं होतं, डाकोटा.

वर्षानुवर्षं घारीपासून पतंगापर्यंत मी ज्याला त्याला डाकोटा म्हणत आलो, आणि डाकोटा स्वतः पुढ्यात उभं राहिलं तेव्हा नेमका चुकलो. गर्दी खदखदली. अण्णा मात्र गंभीरपणे माझ्या कानाशी म्हणाले, "चालायचंच, मास्तर. तुमाला लांबनं वळखायची सवं."

मग त्यांनी तिपाई रोवली आणि फडक्यात शिरले. नाक आलं, पंख कापला गेला. अण्णा मागं सरकले. एक पंख आला, शेपूट गेलं. आणखी मागं सरकले. शेपूट आलं, दुसरा पंख गेला. असं करत करत पाठ आवाराच्या भिंतीला टेकली तरी पंखाचं टोक चौकटीबाहेरच. फडक्यातून आवाज आला, "भित सरकवता येती का इचारा." मी विचारलंही. पहारेकऱ्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी वर्गात फार वेळा वापरलेली आहे.

अण्णा कॅमेरा उचलून फाटकाबाहेर गेले. बाहेरून सगळं विमान आलं, पण भिंत आडवी येऊन चाकं झाकली गेली. पलीकडे एक दगडांचा ढीग होता, त्यावर तिपाई चढवली. चाकं दिसली, तर मधल्या झाडानं नाक खाल्लं. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. त्या दिवशी अण्णा एवढे मागं मागं चालले की सरळ रेषेत चालले असते तर उलटे मिरजगावला पोचले असते.

ऊन कलायला लागलं तसा मी काकुळतीला आलो. नुसतं नाक घ्या म्हटलं, एक पंख घ्या, एक चाक घ्या. शांतारामचं तोंड बंद करायला तेवढं पुष्कळ होतं. कॅमेरा त्या वेळी विमानाच्या पुढ्यातच होता, फिल्म भरलेली होती, बोट दाबायचा अवकाश होता.

"आक्खं येत न्हाई, मास्तर."

"शांतारामनं अख्खं कुठं मागितलंय? निम्मं बघूनही त्याचे डोळे पांढरे होतील."

"पंख कापल्यालं इमान भितीला लावू? मी कुनाचं नख कापल्यालं न्हाई आजवर."

मी म्हणालो, अहो, ते गिऱ्हाईक नाही, फोटो बघून ते तक्रार करायला येणार नाही. अण्णा फडक्यातून बाहेर आले. केस विस्कटलेले, डोळे लाल. "त्ये येनार न्हाई म्हून तर," एवढंच ते बोलले आणि त्यांनी भिंगावर झाकण बसवलं. पहारेकरी फाटक लावायला उभा होता. फिल्म कोरीच परत आली.

बाजारच्या दिवशी स्टुडिओत पाय ठेवायला जागा नव्हती. मी एक भाषण तयार करून नेलं होतं. त्यात फिल्म उन्हानं वितळली होती, पुण्यात वादळ आलं होतं आणि एक सेनाधिकारी मला कडकडून भेटला होता. पहिलं वाक्य बोललोही. अण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि माझं वादळ जागच्या जागी विरलं. मग त्यांनी कोट काढून खुंटीला टांगला, स्टूल ओढलं, वर चढले आणि स्वतःच्या हातानं पहिली चौकट उतरवली. मग दुसरी. कुणी हसलं नाही.

जिंकलेला शांताराम दारात उभा होता. थोड्या वेळानं काय वाटलं कोण जाणे, तो पुढं आला आणि त्यानं डगमगणारं स्टूल दोन्ही हातांनी धरलं. अण्णा एकेक चौकट खाली देत होते आणि तो ती धोतरानं पुसून बाकावर ठेवत होता.

"आण्णा," शेवटी त्यानं हळूच विचारलं, "म्हंजी येवढं मोटं आसतंय व्हय? केवढं हाय?"

अण्णा खिळा उपटत होते. मान न वळवता म्हणाले,

"मावलं न्हाई."