कार्मेनपर्यंतची वाट

मरोळ गावठाणातले जॉनी मिस्किटा साकीनाक्याच्या एका गाळ्यात अडतीस वर्षं लेथ मशीनवर कामाला होते. बायको कार्मेन गेली, तेव्हापासून ते रोज संध्याकाळी चर्चमागच्या सिमेट्रीत चालत जायचे. वाटेत रोझरीची प्रार्थना म्हणून व्हायची. मग कबरीपाशी बसून तिला दिवसभराचं सांगायचं.

गेल्या पावसाळ्यात उजवी पोटरी दुखायला लागली. शंभर पावलं झाली की थांबायचं, कळ ओसरली की पुढे. नंतर निम्म्या वाटेवरूनच ते परतू लागले.

"डॅडी, रिक्षाने जा ना," मुलगी शर्ली म्हणाली.

"रिक्षातून पाहुणे जातात," ते म्हणाले, आणि त्यांचं जाणंच बंद झालं.

ऑक्टोबरात चर्चमधून निरोप आला. सिमेट्रीत जागा कमी, म्हणून दोन-तीन वर्षांनी कबर उघडून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. कार्मेनची कबर फेब्रुवारीत उघडायची होती. त्याआधी डॅडींना तिथवर चालता यावं, म्हणून त्याच आठवड्यात शर्लीने त्यांना जवळच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टर मृणालिनीने आधी दंडाचं, मग घोट्याला पट्टा बांधून पायाचं प्रेशर बघितलं. पायाचं दंडाच्या जेमतेम निम्मं भरलं. सोनोग्राफीत मांडीतली रक्तवाहिनी अरुंद झालेली दिसली.

"हे म्हातारपण नाही, अंकल. पायाला रक्त पुरत नाही. सिगारेट किती?"

"पाकीटभर."

"ती बंद. गोळ्या देते. आणि चालायचं."

"चाललं कीच तर दुखतं."

"दुखेपर्यंत चाला, थांबा, परत चाला. रोज अर्धा तास. पायाला जखम झाली किंवा बसल्या बसल्या दुखलं, तर लगेच या."

"बायको जन्मभर सांगायची, सिगारेट सोड म्हणून," जॉनी म्हणाले. "तेव्हा ऐकायला पाहिजे होतं."

नोव्हेंबरात दोनदा त्यांनी सिगारेट पेटवली, मग सुटली. चालणं आधी बेकरीपर्यंत, नाताळात शाळेच्या फाटकापर्यंत गेलं. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, दोनच ठिकाणी थांबून, ते सिमेट्रीत पोहोचले.

कबरीवर गवत माजलं होतं. ते त्यांनी हाताने उपटलं.

"सोडली गं सिगारेट," त्यांनी सांगितलं, आणि ती काही बोलेल म्हणून सवयीने थोडं थांबले.

फेब्रुवारीत कबर उघडली. आता जॉनी न थांबता कोनाड्यापर्यंत जातात, भिंतीसमोर उभ्यानेच बोलतात. मातीवर हात ठेवून बसता यायचं, तेवढं मात्र राहिलं नाही.