वाहरूची फुली

शहाद्याच्या वाहरू फोटोवाल्याची ऐट काही विचारू नका! बासष्ट साली गावात विजेचा फ्लॅश त्याच्या एकट्याकडे. खांद्याला जड बॅटरीची पेटी, आणि वायरीला ओला हात लागला की असा झटका, देव आठवावा. पुढे सदुसष्टला त्यानं नवा कॅमेरा आणला. त्यावर फ्लॅशसाठी खटका होता, एकीकडे इंग्रजी एम, दुसरीकडे एक्स. आता एक्स म्हणजे आपल्याकडे काय? फुली! मास्तरांच्या फुल्या खाऊनच ज्यानं शाळा सोडली, तो फुलीच्या वाटेला कशाला जातोय? वाहरूनं खटका एमवर ठेवला तो ठेवलाच.

नव्या कॅमेऱ्याचं पहिलंच काम म्हणजे जवळच्या प्रकाशा गावच्या शांतीलाल पाटलांच्या मुलीचं लग्न. नवरी सुरतेकडे जाणार. शांतीलालची म्हातारी आई जसोदाबाई जन्मात फोटोला बसली नव्हती, पण नातीसोबत एक हवाच म्हणाली. संध्याकाळी मांडवात दोघी बसल्या. लख्ख उजेड पडला आणि म्हातारीनं डोळे गच्च मिटले. "माय, डोया मिटू नको ना!" वाहरू चारचौघांत खेकसला. पुन्हा काढला, पुन्हा तेच. सगळा मांडव हसला.

रोल धुतला, तर दिवसाचे फोटो झकास आणि फ्लॅशचे सगळे कोरे! वाहरूनं रिकाम्या कॅमेऱ्याची पाठ उघडली, भिंतीकडे रोखून बटण दाबलं. एमवर आधी उजेड पडून जायचा, मग भिंगामागचा पडदा उघडायचा. फुलीवर मात्र उजेड आरपार दिसला. फोटो बिघडला, एवढाच निरोप त्यानं प्रकाशाला धाडला.

दुसऱ्याच दिवशी जसोदाबाई केळी घेऊन एस्टीनं दुकानात आली. "मन्हीच चूक शे, भाऊ. तू सांगी ऱ्हायंता, तरी मी डोया मिटी लिधात. मन्हामुये नातना फोटू बिघडना."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. वाहरूनं नुसती मान हलवली, आणि वर केळीही ठेवून घेतली. ती गेल्यावर त्याला स्वतःचीच शिसारी आली.

पुढच्या वर्षी नातवाच्या लग्नात खटका फुलीवर होता. जसोदाबाई समोर बसली ती डोळे ताणून. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण पापणी हलेना. "काढ भाऊ, आते नही मिटसू."

फोटो स्वच्छ आला. शांतीलालनं तो ओटीवर दारासमोरच लावलाय. पाहुणे त्या डोळ्यांना हसतात, म्हातारीही हसते. वाहरू तिकडे गेला की फोटोकडे पाठ करून बसतो.