बॉनेटवर हात

आमच्या ह्यांनी, म्हणजे अनंतराव पाठकांनी, आयुष्यात दोनच गोष्टींवर जीव लावला, आणि त्यात मी धरलेली नाही. एक म्हणजे रस्त्याला पोट घासत चालणाऱ्या दोन सीटच्या जुन्या गाड्या, दुसरा स्वतःचा शब्द. गाड्या येत-जात राहिल्या. शब्दाचं काय झालं ते सांगते.

पाठकांच्या घरात आजोबांनी पैठणला भिक्षुकी केली, वडिलांनी तहसिलीत कारकुनी, आणि हे चिकलठाण्याच्या एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासायला लागले. बाटलीवर जे लिहिलंय तेच बाटलीत असलं पाहिजे, हे वाक्य मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ऐकलं आणि पुढे जन्मभर ऐकत राहिले. असा हा पगारदार माणूस, सिडकोत दोन खोल्यांचं घर, आणि हौस कसली, तर स्पोर्ट्स कारची! नवी घ्यायची ऐपत नाही, म्हणून दुसऱ्याने वापरून सोडलेली. त्या गाडीत बसायचं म्हणजे खड्ड्यात उतरायचं, आणि बाहेर यायचं तर कुणीतरी हात धरून ओढायचं. साडी नेसून मी ते कसं जमवलं, माझं मला माहीत.

छावणीतल्या एका चहाच्या हॉटेलासमोर रविवारी सकाळी ही सगळी वेडी माणसं जमायची. दातांचे डॉक्टर मंदार देव, एक वकील, दोघे-तिघे कारखानदार. मुंबई-पुण्याच्या शौकिनांनी सोडलेल्या गाड्या इथे यायच्या आणि मग आपापसातच फिरत राहायच्या. आज डॉक्टरांकडे असलेली पुढच्या वर्षी वकिलांच्या दारात. त्यासाठी एक रिवाज होता, आणि तो आमच्याच ह्यांनी पाडलेला. विकणाऱ्याने सगळ्यांसमोर बॉनेटवर हात ठेवायचा आणि गाडीची असतील नसतील तेवढी दुखणी सांगायची. घेणाऱ्याने मुकाट ऐकायचं. बॉनेट उघडून बघायचं नाही, मिस्त्री आणायचा नाही, मिस्त्र्याला गुपचूप विचारायचंही नाही. तो अपमान. शेवटी विकणाऱ्याच्या बायकोने घेणाऱ्याच्या हातावर पेढा ठेवला की गाडी त्याची झाली. नंतर तक्रार चालत नसे.

हे बॉनेटवर हात ठेवून बोलायला लागले की मला उठून जावंसं वाटे. डाव्या काचेची कुरकुर, पावसात गळणारं रबर, चौथ्या गिअरला येणारी घरघर, सगळं सांगत सुटायचे. मुलगी दाखवताना बापानेच तिचे दोष मोजावेत तसला प्रकार. साहजिकच ह्यांची गाडी कायम पडत्या भावात जायची. मी चिडायचे. "शैला, अगं मग रिवाज कशाला पाडला?" एवढंच म्हणायचे आणि हसायचे. तो माणूस त्या शब्दावर खरोखर श्रीमंत होता, हे मलाही कबूल करावं लागेल.

मग ती कोरडी वर्षं आली. तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं. नळाला पाणी कधी येईल ते देवाला ठाऊक, गल्लीच्या तोंडाशी टँकर दिसला की बायका हंडे घेऊन धावायच्या. त्याच वर्षांत करमाडकडच्या जमिनी कारखान्यांसाठी गेल्या, शहराभोवतीची शेतं प्लॉट होऊन विकली गेली, आणि जिथे प्यायला पाणी नाही तिथल्या बिल्डिंगींच्या पाट्यांवर निळे पोहण्याचे तलाव झळकू लागले. त्या पाट्यांकडे बघून माझ्या तोंडात शिव्या यायच्या, आणि मी त्या द्यायचेही.

विश्वजित त्याच पैशातून आला. करमाडचा, बापाची जमीन गेलेली, हा बिल्डर झालेला. त्याच्याकडे पापण्या उघडाव्यात तसे दिवे वर येणारी तांबडी जपानी गाडी होती. ह्यांचा जीव तिच्यावर कधीचा होता. विश्वजितने ती विकायला काढली तेव्हा ह्यांनी भविष्यनिर्वाह निधीला हात लावला. विश्वजितने बॉनेटवर हात ठेवून तीन-चार बारीकसारीक दुखणी सांगितली. त्याच्या बायकोने, हिमानीने, पेढा दिला. हे घरी आले ते लग्नाच्या दिवशीसुद्धा दिसले नव्हते इतके खूश होऊन.

रेडिएटरसाठी हे मेडिकलमधून शुद्ध पाण्याचे कॅन आणायचे. शेजारच्या मालनबाई बघायच्या आणि मला टोमणा मारायच्या, "तुमच्या गाडीला आमच्यापेक्षा चांगलं पाणी बाई." आम्हा नवरा-बायकोची त्यावरून कडाक्याची भांडणं झाली. तरीही एप्रिलच्या पहिल्याच सहलीत, फर्दापूरला जाताना, सिल्लोडच्या पुढे गाडीतून वाफ निघाली आणि ती उभी राहिली ती राहिलीच.

टोचन करून ती छावणीत फारूख मिस्त्रीकडे नेली. त्याने इंजिन उघडलं. पाणी तापवायच्या रॉडवर जमतो तसला पांढरा क्षार आतल्या वाटांमध्ये गच्च बसलेला. विश्वजितच्या ड्रायव्हरने दोन उन्हाळे साइटवरच्या बोअरचं पाणी ओतलं होतं. इंजिनच्या वरच्या झाकणाला, हेडला, तडा होता, आणि तो एकदा वेल्डिंग करून बुजवलेलाही होता.

"ये पैले मेरे पासीच खुला था साहब," फारूख म्हणाला. "विश्वजितभाऊ को मैं साफ बोला था, फिर गरम हुई तो गई."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुमाराच कायदा है ना, मिस्त्री को पूछना नई. तुम पूछे नई, मैं बोला नई."

ह्यांनी चावी फारूखच्या हातात दिली आणि घरी आले.

रविवारी ह्यांनी सगळ्यांसमोर विश्वजितला विचारलं. मला वाटलं होतं, निदान मान खाली घालेल. तो हसला. "काका, लई मनावर घेऊ नका. समदं सांगितलं तर गाडी कोण घेणार?"

ह्यांनी बाकीच्यांकडे बघितलं. मंदार डॉक्टरांनी समजूत घालायच्या सुरात सांगितलं, "अनंतराव, एखादं दुखणं प्रत्येक जण पोटात ठेवतो हो. ते धरूनच चालायचं असतं. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

खरंच माहीत नव्हतं. पंधराएक वर्षं ह्या माणसाने त्या सगळ्यांचा शब्द खरा मानून गाड्या घेतल्या, दुरुस्त्यांवर पगार घातला आणि दोष स्वतःच्या चालवण्याला दिला. त्या दिवशी घरी येऊन जेवले, झोपले. भांडले असते तर बरं झालं असतं.

फारूखने जमेल तसं हेड पुन्हा बुजवलं. थंडीत गाडी चालायची. डिसेंबरात अफजल आला. आखातात नोकरी करून परतलेला, सिटी चौकात मोबाइलचं दुकान टाकलेला गुणी मुलगा. त्याला अशी गाडी आयुष्यात एकदा हवी होती. "काका, बाकी किसीसे नहीं लेता मैं," तो म्हणाला. "तुमचा शब्द म्हणजे बास."

रविवारी सगळे जमले. मी पेढ्यांचा डबा घेऊन उभी होते. ह्यांनी बॉनेटवर हात ठेवला. उजवा दिवा उशिरा उघडतो, क्लच जड आहे, दाराचं रबर नवं लागेल. एवढं बोलून थांबले. मी वाट बघितली. वाटलं, श्वास घेतायत. मग ह्यांनी हात उचलला आणि रुमालाने पुसला.

विश्वजितने टाळी वाजवली. अफजल माझ्यासमोर हात पसरून उभा राहिला. त्याची आई जैतुनबी रिक्षातून उतरून कौतुकाने बघत होती. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. चिकलठाण्यात एक बाटली सदोष निघाली म्हणून साहेबाशी भांडून औषधांचा अख्खा ट्रक परत फिरवणारा माणूस तो! मला भयंकर राग आला.

मी डब्याचं झाकण लावलं. "अफजलभाई, आधी फारूखला इंजिन उघडायला लावा. हेडला तडा आहे."

अफजलने ह्यांच्याकडे बघितलं, आणि आईला घेऊन निघून गेला. त्या मुलाचा चेहरा मला अजून बघवत नाही.

घरी येताना हे एवढंच म्हणाले, "सगळे लपवतात. मी एकदा लपवलं तर तुलाच बोलायचं होतं?"

"इतरांनी लपवलेलं मला चालतं," मी म्हटलं. "तुम्ही लपवलेलं नाही चालत."

माझी समजूत होती, आता त्या टोळीत ह्यांना कुणी उभं करणार नाही. कसलं काय! महिन्याभरात विश्वजितनेच पुण्याचं गिऱ्हाईक आणलं आणि तांबडी गाडी गेली. तडा कुणी सांगितला असेल असं मला वाटत नाही. हे पुन्हा रविवारी छावणीत जायला लागले, पूर्वीपेक्षा लवकर उठून. बोलावणं बंद झालं ते माझं. शैलावहिनींनी रिवाज मोडला, असं म्हणतात म्हणे.

मागे एका लग्नात मंदार डॉक्टर भेटले. शेजारी जेवायला बसले आणि मोठ्या आपुलकीने म्हणाले, "वहिनी, खरं सांगू? इतकी वर्षं अनंतरावांचं जरा दडपणच वाटायचं आम्हाला. आता कसे आपल्यातले वाटतात."