यिशुनला दिलेला कॉम्प्युटर

माझी नोकरी गेली आणि त्याच आठवड्यात घरात आवराआवर सुरू झाली. सिंगापुरात आम्ही राहत होतो ते माझ्या एम्प्लॉयमेंट पासवर. पास रद्द झाला की जेमतेम महिनाभर हातात असतो. बुकित तिमाह भागातल्या आमच्या कॉन्डोतला सोफा, जेवणाचं टेबल, मुलीची सायकल, एकेक वस्तू शेजारीपाजारी गेली. बायको दिवसभर खोकी भरत असायची. मुलगी शाळेतून आली की खोलीचं दार लावून घ्यायची. तिच्या मैत्रिणी इथल्याच; पुणं तिच्यासाठी दिवाळीच्या सुट्टीतलं गाव होतं.

मी जुने होम कॉम्प्युटर जमवत असे. इथल्या काही हौशी लोकांचा आमचा गट होता, त्यातल्याच मंडळींनी बाकीची यंत्रं नेली. शेवटी एकच उरला, तोही माझ्या वडिलांचा. काळ्या कीबोर्डसारखा दिसणारा. सगळा कॉम्प्युटर त्या कीबोर्डातच. टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून प्रोग्रॅम चढवायचा. माझ्या लहानपणी आतेभावाने तो दुबईहून आणला होता. वडील टेलिफोन खात्यात होते. ऑफिसातून आल्यावर जमिनीवर मांडी घालून ते त्याच्यासमोर बसत. पुस्तकात बघून शिकले आणि माझ्यासाठी पाढे विचारणारा एक प्रोग्रॅम त्यांनी लिहिला.

तो न्यायचा म्हटलं तर ठेवायचा कुठे? वडील गेल्यावर आमचं पुण्यातलं घर विकलं होतं आणि नोकरी मिळेपर्यंत भावाच्या दोन खोल्यांत राहायचं ठरलं होतं. मुलगी म्हणाली, "बाबा, जुनाच आहे ना तो. लेट गो लाह." इथल्या मुलांसारखं ‘लाह’ लावून म्हणाली, रागाने नाही. तिनेही बरंच काही सोडून दिलं होतं त्या दिवसांत.

हा कॉम्प्युटर मागणारे एकच गृहस्थ मला ठाऊक होते. गटातले सर्वांत वडीलधारे, यिशुनला राहणारे एक चिनी अंकल. आयुष्यभर त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं. भेटलो की दर वेळी विचारायचे, कधी देतोस? आणि मी दर वेळी हसून विषय बदलायचो. वर्षभरात ते गटात दिसले नव्हते. फोन केला तर त्यांच्या मुलीने उचलला. बाबांना विचारून सांगते म्हणाली, आणि थोड्या वेळाने तिने होकार कळवला. किंमतही फोनवरच ठरली.

यंत्र, टेपरेकॉर्डर आणि ती कॅसेट पिशवीत घालून मी बसने यिशुनला गेलो. दार अंकलच्या मुलीने उघडलं. चाळिशीची असेल. दार पुरतं उघडेना, मागे खोकी रचलेली होती. बैठकीत छतापर्यंत यंत्रं, मधून एका माणसापुरती वाट. मला आत घेण्याआधी ती बाहेर कॉरिडॉरमध्ये आली आणि दार ओढून घेतलं. अंकलना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात गेला होता, बोलणंही अडखळतं झालं होतं. हे सांगून ती हळू आवाजात म्हणाली, "मी तुम्हाला हो म्हटलं, कारण ते त्या दिवशी पहिल्यांदा हसले. पण त्यांच्यामागे हे सगळं मला फेकावं लागणार आहे. तुमचंही. हे माहीत असू दे, मग विका."

परत फिरावं असं मला वाटलं. पण पिशवी घेऊन परत जायचं तरी कुठे?

अंकल जुन्या डबा टीव्हीसमोर खुर्चीत बसले होते. मला पाहून त्यांनी डावा हात पुढे केला. अंगावर मांसच उरलं नव्हतं. मी पिशवी उघडली तेव्हा त्यांनी कीबोर्डवरून नुसता हात फिरवला, बराच वेळ. मग टीव्हीकडे बोट दाखवलं. मी वायरी जोडल्या, कॅसेट लावली. प्रोग्रॅमच्या आधी वडील टेपवर आपल्या आवाजात नाव सांगून ठेवत. तो आवाज त्या खोलीत उमटला, "पाढे. सावकाश उत्तर दे." मागोमाग प्रोग्रॅम चढतानाची ती कर्कश किरकिर सुरू झाली. इतक्या वर्षांनी वडिलांचा आवाज ऐकेन हे माहीत असूनही मला टीव्हीकडे तोंड करून उभं राहावं लागलं.

पडद्यावर आकड्यांत प्रश्न आला, सहा साते. अंकलनी डाव्या हाताच्या बोटाने एक आकडा दाबला, मग दुसरा. छत्तीस. पडद्यावर रोमन अक्षरांत शब्द आला, चूक. पुढचा प्रश्न, आठ त्रिक. पुन्हा चूक. त्यांची मुलगी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. ती आत निघून गेली. मी बंद करायला हात पुढे केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. या शब्दाचा अर्थ काय, असं त्यांनी तुकड्या तुकड्यांत विचारलं.

"पुन्हा कर, असा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा पडद्याकडे वळले.

बराच वेळ मी तिथे बसलो. एकही उत्तर बरोबर आलं नाही. निघताना टेपरेकॉर्डरमधून कॅसेट काढायला गेलो, तेव्हा त्यांनी तिच्यावर हात ठेवला. ती मी द्यायची असं ठरलं नव्हतं, पण ठेवून आलो. आवाज फोनवर उतरवून घ्यावा हे बसमध्ये बसल्यावर सुचलं. पुढचे दिवस विमानाच्या गडबडीत गेले.

पुण्यात लवकर काही जमलं नाही. भावाकडे राहतच होतो. एका सकाळी सिंगापूरहून फोन आला, अंकलच्या मुलीचा. ते गेले होते. घर रिकामं करायला माणसं यायची होती, पण तुमचं यंत्र बाजूला काढून ठेवलंय, पाठवू का, असं ती विचारत होती.

मी भावाच्या घरातल्या पलंगावर बसलो होतो. खाली आमच्याच बॅगा होत्या, भरलेल्या तशाच. नको म्हणालो. जाऊ द्या अंकलच्या बाकीच्या यंत्रांबरोबर.

ती म्हणाली, "कोणीतरी जाऊ द्या असं म्हणावं याचीच मी वाट बघत होते."

मग मी कॅसेटबद्दल विचारलं. तेवढी मिळाली तर हवी होती. ती म्हणाली, ते रोज सकाळी तीच लावायला सांगायचे. शेवटी शेवटी आकडेही दाबत नसत, नुसतं ऐकायचे. टेप झिजत गेली आणि एक दिवस मशीनमध्ये अडकून तुटली. जोडता येईना म्हणून तिने टाकून दिली. त्यात काही महत्त्वाचं होतं का, असं तिने विचारलं. नाही म्हणालो, शाळेतले पाढे होते.

मग दारावर माणसं आली म्हणून तिला उठावं लागलं. फोन तसाच चालू राहिला. खोकी फरशीवरून ओढली जात होती, कोणीतरी चिनी भाषेत सूचना देत होतं. मी थोडा वेळ ऐकलं आणि फोन ठेवला.