ब्राह्मणपाऱ्यातला आमचा इंडेक्सर

प्रफुल्लदा गेल्याचा फोन त्याच्या धाकट्या बहिणीने, वैशालीने केला. मी नवा रायपूरच्या ऑफिसात सकाळच्या बैठकीला निघाले होते. ‘दीदी, दादा गेला,’ ती म्हणाली आणि थोडं थांबून, ‘डायलिसिस तर चालूच होतं, पण इतक्या लवकर…’ मी पहिलं वाक्य ऐकलं आणि प्रश्न मात्र दुसऱ्यावर विचारला. ‘कसलं डायलिसिस?’ मग तिने दबक्या आवाजात विचारलं, ‘तुम्हाले माहीत नव्हतं?’ त्या क्षणी मला दुःख झालं असं लिहिणं सोयीचं ठरेल. पण ते खरं नाही. आधी अपमान वाटला. दुःख नंतर आलं, आणि ते अजूनही त्या अपमानाच्या मागेच उभं आहे.

पुढचा अपमान तेराव्यानंतर झाला. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात एका जुन्या घराच्या माडीवर आमची एक खोली होती, भाड्याची. तिथे आमचा संगणक चालत असे. त्याला आम्ही कौतुकाने ‘इंडेक्सर’ म्हणायचो. वैशालीने किल्ली दिली तेव्हा यंत्र चालूच होतं, प्रश्न विचारला की उत्तरही देत होतं. ते माझ्या घरी हलवावं म्हणून मी आधी इंटरनेटची तार काढली आणि सवयीने आणखी एक पत्ता, म्हणजे आभासी नाण्यांच्या एका खात्याचा क्रमांक, विचारला. उत्तर आलं नाही. दुसरा विचारला, तिसरा विचारला… यंत्र गप्प. जे यंत्र कोणाच्याही मदतीशिवाय उत्तर देतं असं मी लोकांना शपथेवर सांगत आले होते, ते तार काढताच मुकं झालं. सेटिंग तपासल्यावर कारण कळलं. आमचे प्रश्न आमच्या डिस्ककडे जातच नव्हते. ते एका अनोळखी कंपनीच्या सर्व्हरकडे जात होते. बदल काही महिन्यांपूर्वीचा होता आणि तो करू शकणारी माणसं दोनच होती. त्यांतली एक मी.

हे इतकं का लागावं, ते समजण्यासाठी इंडेक्सर म्हणजे काय ते सांगायला हवं. ब्लॉकचेनवरचे, म्हणजे या नाण्यांच्या जाहीर खातेवहीतले, सगळे व्यवहार उघडे असतात, कोणीही ते वाचू शकतो. पण ते घडले त्या क्रमाने रचलेले असतात, पत्त्यानुसार नाही. अमुक पत्त्यावर काय आलं आणि तिथून काय गेलं, हे विचारायचं तर पहिल्यापासून सगळा इतिहास चाळून पत्त्यांची सूची बांधावी लागते. प्रफुल्लदाने मला हे पहिल्या दिवशीच समजावलं होतं. ‘टपालाचा ढीग पडून आहे पाह्य, पोस्टमन नाही. आपण पोस्टमन ठेवून राहिलो.’ मी म्हटलं, पोस्टमन तर इंटरनेटवर फुकट मिळतात, कितीतरी साइटी आहेत. तो हसला. ‘दुसऱ्याच्या पोस्टमनले विचारशीन, तर त्याले समजते ना, तू कोणाच्या दाराकडे पाहून राहिली थे.’

तो माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठा होता. आमची दोन्ही कुटुंबं विदर्भातून रेल्वेच्या नोकरीमागे रायपूरला आलेली. त्याचे बाबा आणि माझे बाबा एकाच कार्यालयात. मी एम.एस्सी. करत असताना तो मला शिकवत असे आणि शिकवताना एकच हट्ट धरी. मी काहीही सांगितलं की म्हणायचा, ‘तुले कसं मालूम? पाहिलं काय?’ पाहिलं नसेल तर ते विधान त्याच्या लेखी अस्तित्वातच नसे. विज्ञानाच्या पदवीने मला जे दिलं नाही ते या एका टोचणीने दिलं, हे मी आज रागात असतानाही नाकारणार नाही.

यंत्र उभं करणं सोपं नव्हतं. सूची बांधायला घेतली की ती मध्येच तुटता कामा नये, आणि ब्राह्मणपाऱ्यात उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. म्हणून भनपुरीच्या ट्रकवाल्यांच्या गल्लीतून बॅटऱ्या आणल्या. ‘ट्रक को नहीं लगानी? कंप्यूटर को?’ दुकानदाराने विचारलं. ‘हव भैया,’ प्रफुल्लदा गंभीरपणे म्हणाला, ‘हमारा कंप्यूटर भी ओवरलोड चलता है.’ त्या दिवसांत खोलीत कूलर यंत्रासाठी चालत असे आणि आम्ही घामाने निथळत असू. सूची पूर्ण झाली त्या दुपारी त्याने इंटरनेटची तार काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, ‘आता विचार.’ मी विचारलं. उत्तर आलं. यंत्राचा बाहेरच्या जगाशी कोणताही संबंध नव्हता, आणि तरी उत्तर आलं… तसा आनंद मला कोणत्याही निकालाने दिलेला नाही.

मग लोक येऊ लागले. नाण्यांच्या योजनांत फसलेले आमच्याच ओळखीतले लोक. त्यांना गुंतवणारा बहुधा घरचाच कोणी असे. पुरानी बस्तीतल्या बोंद्रे काकूंना त्यांच्याच पुतण्याने गुंतवलं होतं. पोलिसांत जायची त्यांची तयारी नव्हती. नाणी हलली का, एवढंच त्यांना अधूनमधून कळायला हवं होतं, आणि आपण लक्ष ठेवून आहोत हे पुतण्याला कळता कामा नये, ही धास्ती होती. लोकांशी बोलायचं काम माझं. ‘तुमचा पत्ता या खोलीबाहेर जाणार नाही,’ हे वाक्य मी प्रत्येकाला सांगितलं आहे. शब्द माझा होता. यंत्र आमचं दोघांचं, पण शब्द एकटीचा.

गेल्या उन्हाळ्यात तो पूर्ण बाह्यांचे शर्ट घालू लागला. मे महिन्यात, रायपुरात! ‘नवरदेव बनून राहिला काय?’ मी चिडवलं. ‘काहून, चांगला नाही दिसत?’ त्याने बाही आणखी खाली ओढली. त्या बाहीखाली डायलिसिसच्या सुयांच्या खुणा होत्या, हे मला आता ठाऊक आहे. खोलीवर नसला की सांगायचा, भनपुरीला बॅटरीसाठी गेलो होतो. इतक्या बॅटऱ्या कशाला लागतात, हा प्रश्न मी विचारला नाही. कारण जे तो सांगायचा ते तपासायची गरज मला कधी भासली नव्हती. मला तपासायला शिकवणारा तोच होता, म्हणून असेल.

त्याच काळात केव्हातरी बॅटरी खरोखरच बसली असावी, वीज गेली आणि सूची बिघडली. जागा वाचवावी म्हणून त्याने जुने ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचे मूळ गठ्ठे, आधीच पुसून टाकले होते. असा काटकसरीपणा आमच्या दोन्ही घरांत रक्तातच आहे. त्यामुळे पुन्हा बांधणी करायची तर सगळा इतिहास नव्याने उतरवून घेण्यात कित्येक आठवडे गेले असते. ते आठवडे त्याच्या शरीरात उरले नव्हते. त्याने प्रश्नांची वाट बाहेर वळवली. हे सगळं मी समजू शकते. पुढचं समजू शकत नाही.

मी तेव्हा याच कामासाठी एका संशोधनवृत्तीच्या मुलाखतीची तयारी करत होते. मुलाखतीत मला विचारलं गेलं, तुमची व्यवस्था बाहेरच्या कोणावर कितपत अवलंबून आहे? मी ताठ बसून सांगितलं, ‘अजिबात नाही.’ संध्याकाळी खोलीवर जाऊन हा प्रसंग प्रफुल्लदाला जसाच्या तसा ऐकवला. तो मन लावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, ‘शाबास पोट्टे. असंच सांगायचं.’ तो जे ऐकत होता ते खोटं आहे हे त्याला ठाऊक होतं, माझ्यामागे यंत्र चालू होतं, आणि तो म्हणाला, शाबास. त्या एका शब्दासाठी मी त्याला अजून क्षमा केलेली नाही. वृत्ती मला मिळाली. माझं ते विधान असत्य होतं, हे मी आता वृत्ती देणाऱ्यांना कळवलं आहे. उत्तर अद्याप आलेलं नाही.

त्यांना कळवण्याआधी मी बोंद्रे काकूंकडे गेले. शब्द मोडल्याचं तोंडावर सांगायला हवं होतं. काकूंनी पोहे पुढे ठेवले, माझं सगळं बोलणं मान हलवत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘ते तर मले माहीत आहे व.’

‘काय माहीत आहे?’

‘प्रफुल्ल आला होता ना. म्हणे, काकू, आमची मशीन बिघडली, आता बाहेरून पाहा लागते, तुमचा पत्ता त्याइले दिसन. चालते काय? मी म्हटलं, चालते बाबा, पुतण्याले नाही समजलं म्हणजे झालं. सगळ्याइच्या घरी गेला तो विचाराले. एक जण नाही म्हणे, तर त्याचा पत्ता काढूनच टाकला म्हणते. जिने चढाची ताकद नव्हती त्याच्यात… इथं पाणी पिऊन बसला घडीभर.’

‘आणि मला का नाही सांगितलं?’

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहान मुलीकडे पाहतात. ‘तुयी मुलाखत होती ना, माय. म्हणे, तिले सांगसान तर सगळं सोडून इथंच बसन ती. तुया भल्याचंच पाहिलं त्यानं.’

म्हणजे त्याने कोणाचाच विश्वास मोडला नव्हता. शब्द माझा होता, तो त्याने दारोदार जाऊन सोडवून घेतला होता, आजारी अंगाने. प्रत्येकाला खरं सांगितलं, प्रत्येकाची परवानगी घेतली. फक्त मला विचारलं नाही. ज्यांना ब्लॉकचेन म्हणजे काय हे धड ठाऊक नाही त्यांना त्याने निर्णय घेण्याच्या लायकीचं मानलं. मला सांभाळून घ्यायच्या माणसांत बसवलं. मी पोहे संपवले. काकूंच्या घरी ताटात टाकलेलं चालत नाही.

यंत्र मी हलवलं नाही. खोली माझ्या नावावर करून घेतली, नवी मोठी डिस्क आणली, आणि आता सूची पहिल्या ब्लॉकपासून पुन्हा बांधली जाते आहे. घरमालकांनी त्याच निमित्ताने भिंतींना चुना मारायला माणूस पाठवला. मी म्हटलं, मारा, सगळीकडे मारा. यंत्राजवळ प्रफुल्लदा नेहमी जमिनीवर भिंतीला टेकून बसे, आणि त्याच्या डोक्याच्या तेलाचा तिथे एक तपकिरी गोल झाला होता. तोही झाकला जावा, हे मला मनापासून हवं होतं. चुना वाळला आणि गोल पुन्हा वर आला, थोडा फिकट, पण त्याच जागी.

‘तेल के दाग हे दीदी,’ रंगारी म्हणाला, ‘चूना नइ धरय. एक हाथ अउ मार दँव का?’

आणखी एक हात मारायला त्याने ब्रश उचलला, तेव्हा मी म्हटलं, ‘रहने दो.’

‘मालिक गुस्साही.’

‘बोल देना,’ मी म्हटलं, ‘दीदी से पूछकर छोड़ा है.’