चौकीतून दिसणारी बोट

ती पहाट आठवली की आजही खाडीची ओली, खारट हवा नाकात भरते. ऐंशीच्या दशकात मी मढच्या चौकीवर फौजदार होतो. नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ पडला की साठ-सत्तर बोटी मासेमारीला सुटणार होत्या. त्याआधी तपासणी व्हायची. पण सर्व्हेअर एकच, तोही दोन दिवसांपुरता. त्यानं आधी कुठल्या बोटी बघायच्या, ती यादी चौकीनं द्यायची. मी जुन्या, रंग उडालेल्या बोटी वर घातल्या, ताज्या रंगाच्या तळाला टाकल्या आणि स्वतःच्या अकलेवर खूश झालो.

संध्याकाळी एका तांडेलाची बायको सुकटाची पाटी घेऊन चौकीच्या पायरीशी टेकली. तांडेल म्हणजे बोटीचा नाखवा. इकडचं तिकडचं बोलून उठताना ती हळूच म्हणाली, "सायब, रंगाला नका बघू. पहाटे कोन पानी उपसतंय, ते बघा." खबर कुणी दिली हे कळता कामा नये, एवढंच तिनं मागितलं.

पहाटे मी वाळूवर जाऊन बसलो. पाणी आणि आभाळ एकाच राखाडी रंगाचं झालं होतं, बोटी मध्येच कुठेतरी अधांतरी तरंगत होत्या. डोळा लागतोय की काय, असं वाटत होतं. त्या शांततेत डब्यांनी पाणी उपसल्याचे आवाज येत होते. एकेक करून ते थांबले. एक थांबेना. ती बोट गावात सगळ्यांत सुंदर रंगवलेली, निळी. आणि ती खबर देणाऱ्या बाईच्याच नवऱ्याची होती.

तांडेल आणि त्याच्या दोन मुलांना चौकीत बोलावलं. तांडेल शांतपणे म्हणाला, बोट नुकतीच पाण्यात लोटलीय, लाकूड फुगेपर्यंत पाणी येतंच. गोष्ट खरी होती. मी वाद घातला नाही. चहा मागवला, बसा म्हटलं, आणि गप्प राहिलो. आरोपीला बोलतं करायला दरडावण्यापेक्षा वेळ जास्त उपयोगी पडतो, हा माझा अनुभव. तासाभरात त्याची नजर दहा वेळा खिडकीकडे गेली. पाणी उपसणारे तिघेही चौकीत होते; बाहेर निळी बोट सावकाश खाली बसत होती, जणू झोपी जात होती. शेवटी तो उठला. "सायब, सोडा. जाईल ती."

तळाची फळी कुजलेली होती, भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग फासलेला. बाहेरचे खलाशी अशा बोटीवर चढले नसते, म्हणून त्यानं पोटची पोरं घेतली होती. ते ऐकून मी हादरलो. माझ्या यादीप्रमाणे ती बोट कुणी पाहिलीच नसती.

त्यानंतर यादी करण्याआधी मी किनाऱ्यावर मासळी सुकवणाऱ्या बायकांशी बोलायला लागलो. तपासायला माणसं कमी असली की बघायचं कुठे, ते त्यांना विचारावं. घरातलं कोण परत येणार नाही याची धास्ती त्यांनाच असते.

पौर्णिमेला मी रोखलेली निळी बोट सोडून बाकी बोटी निघाल्या. तांडेल समुद्राकडे पाठ करून अंगणात बसला होता. मला बघून म्हणाला, "सायब, एकदाच सांगा. माजं नाव कुनी दिलं?"

मी म्हणालो, कुणीच नाही, मला चौकीतून दिसलं. नोकरीत मी जी काही खोटी विधानं केली, त्यातलं हे एकच मला आजही पुन्हा करावंसं वाटतं. त्याची बायको आत दोन्ही मुलांना जेवायला वाढत होती.