दोन पायांचे दोन रकाने

सूनबाई या घरात आली ती लग्नाच्या कितीतरी आधी, आणि तीही गिऱ्हाईक म्हणून.

तिचा उजवा पाय डाव्यापेक्षा दीड नंबर लहान. जन्मापासूनचाच, त्यामागे अपघाताबिपघाताची काही गोष्ट नाही. पण बाजारात बूट जोडीने मिळतात, आणि दुकानदारांची अशी पक्की समजूत असते की देवानेही पाय जोडीनेच दिलेत. मग तिची आई मोठ्या पायाच्या मापाचे बूट घ्यायची आणि उजव्याच्या टोकाला कापूस कोंबायची. घामाने कापसाचा गोळा व्हायचा. शाळेच्या मैदानात पोर पुढे जायची आणि बूट मागे राहायचा.

शेवटी कुणीतरी हॉस्पिटलमागच्या गल्लीतला बूट शिवणारा कारागीर सांगितला. त्याच्या दुकानात एक उंच खुर्ची होती, हात टेकून टेकून दांडे गुळगुळीत झालेली, आणि तिच्यासमोर एक बुटकं स्टूल. खुर्ची गिऱ्हाइकाची, स्टूल कारागिराचं. तोवर ज्याने त्याने तिला "नंबर काय?" एवढंच विचारलं होतं. या माणसाने माप घ्यायची पट्टी हातात घेण्याआधी तिचा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला आणि विचारलं, "कुठे लागतं?"

असं कुणी विचारतं हेच तिला ठाऊक नव्हतं. मग तिने हळूच करंगळी दाखवली.

बूट झाले त्या दिवशी ती घरापर्यंत धावत गेली, आणि घर आलं तरी थांबायची तिची इच्छा नव्हती.

या कारागिराला, म्हणजे बाबांना, माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, पाय राहतात. तिचं नाव त्यांनी 'दीड' ठेवलं. ती मोठी झाली, येत-जात राहिली, आणि बाबांच्या मुलाशी तिचं जमलं, तेव्हा बाबा "अरे, ही तर आपली दीड," एवढंच म्हणाले आणि पुन्हा तळ शिवायला बसले. सूनबाईला दीडशहाणी म्हणायची आयती सोय झाली ती वेगळीच. मुलगा लांब पल्ल्याची बस चालवायचा. त्याच्या हातून खिळासुद्धा सरळ जात नसे. त्यामुळे दुकानात बाबांच्या शेजारी बसली ती सून. रापीने कातडं कापायला शिकली, आरीने टाक्यांची भोकं पाडायला शिकली, पुढेपुढे बुटाचा वरचा भाग तर ती बाबांपेक्षा सफाईने शिवू लागली.

एक गोष्ट मात्र तिला कधी बदलता आली नाही. बाबांच्या स्वतःच्या पायात कायम उरलेसुरले बूट असायचे. गिऱ्हाइकाला जो आला नाही तो बाबांना आलाच पाहिजे, असा जणू घरचा नियम. एक तपकिरी, एक काळा, एकाची टाच उंच, एकाची झिजलेली. "माझे पाय कोण बघतो?" असं म्हणून ते विषय संपवायचे.

मग हॉस्पिटल गावाबाहेर गेलं. बाबांकडे येणारी माणसं म्हणजे ज्यांना चालणं हेच अवघड अशी. ती दोन बस बदलून येणार कुठून? खुर्ची रिकामी राहू लागली. भिंतीवरच्या फळ्यांवर माणसांच्या पायांचे लाकडी साचे ओळीने मांडलेले असत, प्रत्येक गिऱ्हाइकाचा डावा वेगळा, उजवा वेगळा. बाबा सकाळी ते पुसायचे आणि दुपारी पुन्हा पुसायचे. असंच एकदा घरसजावटीच्या सामानाचा एक दुकानदार आला. साचे त्याला फार आवडले. त्यांच्यावर दिवे बसवून शोभेला ठेवतो म्हणाला. बाबांनी होकार दिला.

"बाबा, ते माणसांचे पाय आहेत," सूनबाई म्हणाली.

"पाय आहेत. माणसं कुठायत?"

"घरी बसलीयत. बुटात कापूस कोंबून. आपण ऑनलाइन दुकान काढू. तोवर साचे देऊ नका."

बाबांनी हातातला साचा पुसून फळीवर ठेवला. "एक गिऱ्हाईक येऊ दे," ते म्हणाले. "दोन्ही पायांचं समाधान झालेलं एक. मग साचे इथेच. नाही आलं, तर त्याने खुशाल दिवे लावावेत."

सूनबाई कामाला लागली. पहिलं जे ऑनलाइन दुकान तिने पाहिलं ते तयार घरासारखं होतं: फोटो टाका, किंमत टाका, विकायला लागा. नंबरासाठी रकाना मात्र एकच. तिने युक्ती केली, डावा बूट वेगळा माल म्हणून टाकला, उजवा वेगळा. तर त्या शहाण्या पानाने डाव्या बुटाखाली आपणहून सुचवलं की हा घेणाऱ्यांना हाही आवडतो, आणि दाखवला आणखी एक डावा. तिने मदतीच्या नंबरावर फोन लावला.

"मॅडम, दोन पायांना दोन नंबर कोण घेतं?" तिकडचा माणूस म्हणाला.

"मी घेते."

"तुमच्याशिवाय?"

तिने फोन ठेवला. ज्याचं जळतं त्याला कळतं, त्याला बिचाऱ्याला काय कळणार.

दुसऱ्या ठिकाणी सगळं मिळत होतं, पण जरा काही वेगळं मागितलं की दरमहा वेगळे पैसे. नाकापेक्षा मोती जड. नवरा सुट्टीवर घरी होता. तो म्हणाला, "पहिलंच घे ना, सोपं आहे. खाली टीप लिही, दुसऱ्या पायाचं माप फोनवर कळवा म्हणून." सल्ला काही वाईट नव्हता. ती जवळजवळ तयारही झाली. पण टीप लिहायला बसली आणि तिला वाटलं, हा कापूसच की. बूट तसाच ठेवायचा आणि टोकाला कापूस कोंबायचा.

तिसरा प्लॅटफॉर्म दिसायला रिकाम्या गोदामासारखा. भिंती आपण घालायच्या, फळ्या आपण मारायच्या. मात्र रकाने हवे तितके, हवे तसे करता येतात असं लिहिलं होतं. सूनबाईने फोन लावला आणि आधीच्या दोघांचा सगळा राग फोन उचलणाऱ्या बाईवर काढला. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "थांबा ताई. रकान्याचं नंतर बघू. तुमचं गिऱ्हाईक नेमकं अडतं कुठे, ते आधी सांगा."

इतक्या वर्षांनी तोच प्रश्न, फक्त आवाज दुसरा. सूनबाईला त्या अनोळखी बाईचे इतके उपकार वाटले की तिने सगळं सांगितलं, अगदी कापसापासून.

तिने बाबांना सांगितलं. बाबा मान वर न करता म्हणाले, "आधी विचारते आणि मग मापाला हात घालते? बाई कामाची आहे. तेच घे."

त्या बाईने फोनवरून एकेक पायरी दाखवली आणि दुकान उभं राहिलं. बाबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण एक हट्ट त्यांनी धरला: रंगाच्या आधी, नंबराच्याही आधी पहिला प्रश्न 'कुठे लागतं?' आणि खाली लिहायला ऐसपैस जागा. त्याखाली बुटांच्या जोडीचा फोटो. ज्या पायाचं माप सांगायचं त्या बुटावर बोट ठेवलं की त्याचा रकाना उघडणार. बाबांनी नमुन्याची जोडी खुर्चीपुढे, गिऱ्हाईक बसल्यासारखी मांडली, स्टुलावर बसले, आणि सूनबाईने त्यांच्या खांद्यावरून फोटो काढला.

"डावा, उजवा असं लिहू का खाली?"

"कशाला? दिसतंय की."

तिलाही दिसतच होतं.

पहिली मागणी आली ती लांबच्या एका शहरातल्या ग्रंथपाल बाईंची. 'कुठे लागतं?' खाली त्यांनी लिहिलं होतं, 'उजव्या करंगळीला. लहानपणापासून. आजवर कुणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही.' बाबांनी ते दोनदा वाचून घेतलं. मग जी रापी उचलली ती बूट होईपर्यंत ते कुणाशी धड बोलले नाहीत.

पार्सल पोचलं आणि ग्रंथपाल बाईंचा फोन आला. "बूट सुंदर झालेत हो. कातडं तर लोण्यासारखं. अडचण एवढीच की माझा डावा पाय उजव्या बुटाच्या मापाचा आहे आणि उजवा डाव्याच्या. असं अदलाबदल करून चालायची मला सवय नाही."

सूनबाईने मागणी उघडून पाहिली. बाबांनीही डोळे बारीक करून फोटो पाहिला. "आपलं बरोबर आहे," ते म्हणाले. "हा डावा, हा उजवा." तिलाही तसंच वाटलं. चूक बाईंचीच, असं दोघांचंही ठरायला आलं होतं. सजावटवाला शनिवारी येणार होता. त्याची खोकी तर दारात येऊन पडली होती.

सूनबाई जवळ होती त्या खुर्चीत बसली. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, लग्नानंतर पहिल्यांदाच. तिने खाली आपल्या पायांकडे पाहिलं. मग हातातल्या फोटोकडे. मग पुन्हा पायांकडे.

"बाबा, हा फोटो तुमच्या बाजूचा आहे. इथून पाय असे दिसत नाहीत."

सारा जन्म बाबा गिऱ्हाइकासमोर बसले. समोरच्याचा डावा पाय त्यांच्या उजव्या हाताला, ही सवय इतकी मुरलेली की त्यांना तेच सरळ वाटायचं. त्यांचं एक ठीक आहे. पण ही? ही तर याच खुर्चीतून वर आली होती, आणि स्टुलाशेजारी बसून बसून खुर्चीतून काय दिसतं तेच विसरली होती. तिला रडू आवरेना.

"रडतेस काय. दुरुस्त होतं ना ते?"

"होतं. या, तुम्ही इथे बसा. तुमच्या खांद्यावरून काढते."

"मी कशाला? मी काय गिऱ्हाईक आहे?"

पण बसले. अंग चोरून, खुर्चीच्या अगदी कडेवर. तिने नमुन्याची जोडी त्यांच्या पायांपुढे ठेवली आणि मागे उभं राहून, त्यांच्या गुडघ्यांवरून खाली पाहत फोटो काढला. जुना काढून नवा लावला, खाली ठसठशीत अक्षरांत 'डावा' आणि 'उजवा' लिहिलं. कुणाची परवानगी लागली नाही, कुणी 'असं कोण करतं' म्हणालं नाही. मग सगळं नीट चालतंय का बघायला ती समोरच्या स्टुलावर बसली आणि वरून वाचू लागली.

"कुठे लागतं?"

तिने वर पाहिलं. बाबा आपल्या पायांकडे बघत होते, एक तपकिरी, एक काळा.

"डाव्या टाचेला," ते म्हणाले. "आणि उजव्या अंगठ्याला. बरीच वर्षं झाली."

"मग कधी बोलला नाहीत?"

"विचारणारा मीच. मला कोण विचारणार?"

सूनबाईने त्यांचा पाय उचलून आपल्या गुडघ्यावर घेतला. नको नको म्हणत असतानाही घेतला. दोन पायांची दोन मापं दोन रकान्यांत भरली आणि मागणी पाठवली. तिच्याच फोनवर ती टणकन वाजून आली.

फळीवरच्या एवढ्या साच्यांत बाबांच्या पायांचा साचा नव्हता. तो तिने कोरला. शुक्रवारपर्यंत दुकानात दोन जोड तयार होत होते: बाबा ग्रंथपाल बाईंचा नव्याने करत होते आणि सून बाबांचा. दोघंही एकमेकांच्या कामात नाक खुपसत होती. ग्रंथपाल बाईंचे बूट शुक्रवारी सकाळी गेले. आधीचे चुकीचे त्यांनी परत पाठवले होते, त्या बुटांकडे बाबांनी सवयीने एकदा पाहिलं आणि बाजूला ठेवून दिले.

शनिवारी सजावटवाला आला तेव्हा बाबा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत येत होते. दोन्ही पायांत एकाच रंगाचे बूट.

"कुठून भरायला घेऊ?" त्याने फळ्यांकडे बघत विचारलं.

"नाही देता येणार. गिऱ्हाईक आलंय."

त्याने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "कुठाय?"

बाबा जाऊन खुर्चीत बसले. या खेपेला कडेवर नाही, पाठ टेकून. पाय लांब केले, पुढे-मागे हलवून पाहिले, आणि आत शिवत बसलेल्या सुनेला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "दीड, कुठेच लागत नाही गं."